पैशाची पुडी : सरकारी कोयनेलची हकीकत

औषधाचा शोध लागणें, तें पुरेसें तयार होणें आणि ज्याला तें हवें त्याच्या हातीं परवडेल अशा किंमतीस पडणें, या तीन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीची चिंता शास्त्रज्ञ वाहतो, दुसरीची कारखानदार वाहतो. तिसरीची चिंता मात्र पुष्कळदां कोणीच वाहत नाहीं, आणि त्यामुळें औषध ठाऊक असूनही माणसें मरतात. ही तिसरी चिंता सरकारनें आपल्या शिरावर घेण्याचा एक मोठा प्रयत्न एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांत झाला. तो करणारीं सरकारें मुख्यतः बंगाल व मद्रास या प्रांतांचीं होतीं. रोग हिंवताप होता, औषध कोयनेल होतें, आणि औषधाचें दुकान म्हणजे गांवोगांवची टपालकचेरी होती. या प्रयत्नाला यश कोठें आलें आणि घोडें कोठें अडलें हें पाहिलें, म्हणजे स्वस्त औषध ही वस्तु कशी बनते याचा चांगला उलगडा होतो.

आजच्या शहरी माणसाला हिंवताप म्हटलें कीं डासांची फवारणी आणि रक्ताची तपासणी एवढेंच आठवतें. त्या काळीं या रोगाचें स्वरूप फार वेगळें होतें. पावसाळा सरतां सरतां, नेमक्या भातें पिकावयाच्या सुमारास, घराघरांत माणसें थंडीनें कुडकुडूं लागत. कुणब्याच्या वर्षांतील हे कापणीचे दिवस. माणूस आडवा पडला कीं शेतांतील पीकही तेथेंच आडवें पडे. जो मरे तो सुटे. जो वांचे त्याची प्लीहा वाढे, रक्त आटे, आणि पुढच्या हंगामीं तोच ताप पुन्हां दाराशीं येऊन उभा राही. देश स्वतंत्र झाला त्या १९४७ सालींसुद्धां वर्षाकाठीं सुमारें ७॥ कोटि लोकांस हिंवताप होत असे व सुमारें ८ लक्ष माणसें त्यानें दगावत, असा अंदाज सांगतात. पटकी आणि प्लेग यांचा बोभाटा अधिक झाला. पण वर्षानुवर्षें, गाजावाजा न करतां, खेडींच्या खेडीं पोखरण्याचें काम हिंवतापानें केलें.

या तापावर उतारा मात्र जगाला फार दिवसांपासून ठाऊक होता. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या उतरणीवर सिंकोना नांवाचें झाड होतें. त्याच्या सालीचा काढा तापावर चालतो ही माहिती सतराव्या शतकांत जेझुइट पाद्र्यांनीं युरोपांत नेली. पुढें १८२० सालीं पेल्तिए व काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनज्ञांनीं पॅरिसमध्यें त्या सालींतून कडू असें सत्त्व वेगळें काढलें. हेंच क्विनाईन, म्हणजे आपलें कोयनेल. औषध सांपडलें, परंतु झाड एकाच पर्वतरांगेवर, तेंही अरण्यांत. साल सोलणारे लोक झाड मुळांतून तोडून साल काढीत, नवें झाड कोणी लावीत नसे. त्यामुळें साल महाग, आणि कोयनेल त्याहून महाग. ज्या मुलखांत हिंवताप सर्वांत जास्त, त्याच मुलखांतील रयतेला तें विकत घेण्याची ऐपत सर्वांत कमी होती.

१८५८ सालीं कंपनीचें राज्य जाऊन राणीचें राज्य आलें. लष्करांतील गोऱ्या पलटणी वाढल्या, आगगाडीचे रस्ते जंगलांतून जाऊं लागले, आणि कोयनेलवरचा सरकारी खर्च डोळ्यांत भरूं लागला. सिंकोना हिंदुस्थानांतच लावावा ही कल्पना या खर्चांतून जोरास आली. रयतेविषयींचा कळवळा तिच्या मुळाशीं अजीबात नव्हता असें नाहीं. पण पहिला विचार शिपायाचा होता आणि रयतेचा त्यामागून आला, हेंही विसरतां कामा नये. १८५९ सालीं क्लेमेंट्स मार्कहॅम याच्याकडे हें काम सोंपविण्यांत आलें. तो स्वतः पेरूच्या सरहद्दीवरील रानांत गेला, आणि एक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वताच्या उतरणीवर रिचर्ड स्प्रूस या वनस्पतिशास्त्रज्ञानें तांबड्या सालीच्या जातीचें बीं व रोपें गोळा केलीं. मार्कहॅमचीं बहुतेक रोपें प्रवासांत व नंतर मेलीं. स्प्रूसची तांबडी जात मात्र निलगिरीवर रुजली.

निलगिरीवर उटकमंडच्या सरकारी बागेचा अधिकारी विल्यम मॅकआयव्हर यानें त्या रोपांची जोपासना केली. साल काढावयाची म्हणजे झाड तोडावयाचें, ही जुनी रीत त्यानें मोडली. खोडावरील सालीच्या उभ्या पट्ट्या काढावयाच्या आणि उघडें पडलेलें खोड शेवाळानें गुंडाळून ठेवावयाचें. कांहीं काळानें तेथें नवी साल येते, ही युक्ति त्याची. मुंबई सरकारनेंही या कामीं हात घालून पाहिला. महाबळेश्वरीं लिंगमळ्याच्या बाजूस १८६० नंतरच्या दशकांत सिंकोनाची सरकारी लागवड झाली; पण तेथील हवा झाडांस मानवली नाहीं, आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला. आज लिंगमळ्याचा धबधबा पाहावयास जाणाऱ्या मंडळींपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल, कीं या रानांत एके काळीं हिंवतापाचें औषध उगवण्याची आशा लोक करीत होते.

उत्तरेकडे बंगाल सरकारनें हिमालयाचा पायथा निवडला. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचा प्रमुख डॉ. टॉमस अँडरसन यानें १८६२ च्या सुमारास दार्जिलिंगच्या आसपास लागवडीस सुरुवात केली. तिस्ता नदीच्या खोऱ्याजवळील मंग्पू हें गांव पुढें या लागवडीचें ठाणें झालें. साहित्याच्या वाचकांस हें नांव दुसऱ्या एका कारणानें परिचित असण्याचा संभव आहे. १९३८ ते १९४० या काळांत कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर ज्या मंग्पूस वारंवार जाऊन राहिले, तेंच हें गांव. त्यांच्या यजमानीण मैत्रेयीदेवी यांचे पति तेथील कोयनेलच्या कारखान्यांत रसायनज्ञ होते.

या दोन्हीं ठिकाणीं झाडें तर उभीं राहिलीं, पण एक अडचण पुढें आली. तांबडी जात दणकट होती, परंतु तिच्या सालींत कोयनेलचें प्रमाण फार थोडें. त्याच सुमारास एक उत्तम बीं सरकारच्या दारापर्यंत येऊन परत गेलें. चार्ल्स लेजर नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्यासाठीं मान्वेल इंक्रा मामानी या तद्देशीय माणसानें बोलिव्हियाच्या रानांतून निवडक झाडांचें बीं जमविलें होतें. तें बीं १८६५ सालीं लंडनला आलें तेव्हां इंग्रज सरकारनें तें घेतलें नाहीं. डच सरकारनें त्यांतील थोडें, केवळ पौंडभर, विकत घेऊन जावा बेटांत पेरलें. मामानीला मात्र आपल्या देशांत तुरुंगवास व मारहाण सोसावी लागली, आणि त्यांतच त्याचा अंत झाला. जावांतील झाडांच्या सालींत तांबड्या सालीच्या कितीतरी पट कोयनेल निघालें. उरलेल्या बियांपैकीं कांहीं हिंदुस्थानांतही पोंचलें आणि पुढें मंग्पूस त्या जातीची लागवड झाली. परंतु डचांनीं जी आघाडी मारली ती कायमची. एवढ्याशा बियाचा हा सौदा पाऊणशें वर्षांनंतर बंगालला किती महाग पडला, तें पुढें दिसेलच.

तांबड्या सालीचें करावयाचें काय, हा प्रश्न रसायनज्ञांनीं मोठ्या शहाणपणानें सोडविला. सालींत कोयनेलखेरीज त्याच्या जवळच्या नात्याचीं आणखी तीन सत्त्वें असतात. मद्रासेस १८६६ पासून एक मंडळ नेमून इस्पितळांतील रोग्यांवर या चारी सत्त्वांची परीक्षा घेण्यांत आली, आणि चारींचा तापावर गुण येतो असें ठरलें. मग एकट्या कोयनेलचा आग्रह कशाला? मंग्पूचा सरकारी रसायनज्ञ वुड यानें सालींतील सर्व सत्त्वें एकत्रच काढून त्यांची पूड तयार केली. सिंकोना फेब्रिफ्यूज या नांवानें ती १८७४ च्या सुमारास निघूं लागली. शुद्ध कोयनेलपेक्षां ती पुष्कळ स्वस्त पडे. तिच्यानें पोटांत मळमळे, आणि तिची प्रतिष्ठाही कोयनेलइतकी कधीं झाली नाहीं. तरी सरकारी दवाखान्यांतून तिनें हजारों रोग्यांचा ताप उतरविला आणि खजिन्याचा पैसाही वांचविला. उत्तम औषध थोड्यांस देण्यापेक्षां पुरेसें चांगलें औषध पुष्कळांस द्यावें, हा विचार या पुडीनें प्रथम अमलांत आणला.

शुद्ध कोयनेल काढण्याची सोपी रीत मंग्पूस १८८७-८८ च्या सुमारास बसली. सालीची पूड चुन्यासारख्या क्षारांत कालवून ती तेलांत घुसळावयाची. दारूच्या भट्टींत उतरणारें फ्यूझेल नांवाचें उग्र तेल या कामीं उपयोगी पडलें. सालींतील सत्त्वें तेलांत उतरत. मग तें तेल सौम्य गंधकाम्लानें धुतलें कीं सत्त्वें आम्लांत येत, आणि तें निवूं दिलें म्हणजे कोयनेलचे पांढरे शुभ्र स्फटिक खालीं बसत. या सर्व खटपटीमागें सर जॉर्ज किंग हा अधिकारी होता. अँडरसननंतर कलकत्त्याचें उद्यान आणि मंग्पूची लागवड दोन्हीं त्याच्या ताब्यांत होतीं. सरकारची स्वतःची झाडें, स्वतःचा कारखाना आणि स्वतःचा रसायनज्ञ अशी साखळी येथें पुरी झाली. दक्षिणेकडे मद्रास सरकारनेंही निलगिरीवर नडुवट्टम येथें आपला कारखाना चालविला.

येथें आणखी एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. कोयनेल स्वस्त होण्याचें सगळें श्रेय सरकारी कारखान्यांस देतां येत नाहीं. सिलोनांत कॉफीच्या मळ्यांवर रोग पडला तेव्हां तेथील मळेवाल्यांनीं घाईघाईनें सिंकोना लावला, आणि १८८६-८७ च्या सुमारास एकट्या सिलोनांतून वर्षाला दीड कोटि पौंडांच्या आसपास साल बाहेर जाऊं लागली. बाजार कोसळला. १८८० च्या सुमारास ज्या कोयनेलला औंसामागें १२ शिलिंगांपर्यंत भाव येई, तें दहा वर्षांत एकदोन शिलिंगांवर आलें. मळेवाले बुडाले, त्यांनीं सिंकोना उपटून चहा लावला. रोग्याला मात्र अल्पकाळ सुगी आली. अशी स्वस्ताई कोणाच्या तरी दिवाळ्यावर उभी असते, आणि म्हणून ती टिकाऊ नसते. सरकारी लागवडीचा खरा उपयोग पुढें, बाजार पुन्हां चढेल तेव्हां, व्हावयाचा होता.

इतकें झाल्यावरही कोयनेल रयतेपर्यंत पोंचलें नव्हतेंच. कारखान्यांतून तें सरकारी कोठारांत जाई, तेथून पलटणींत, तुरुंगांत आणि इस्पितळांत. खेड्यांत इस्पितळ नव्हतें, औषधविक्या नव्हता. फार तर तालुक्याच्या गांवीं एखादा दवाखाना, आणि तापानें फणफणलेल्या माणसाला दहा कोस चालत जाणें शक्य नव्हतें. या ठिकाणीं एक साधी पण फार मोठी युक्ति सुचली. सरकारचें एक खातें खेड्यापाड्यांत आधींच पोंचलें होतें. तेथें एक लिहिता-वाचता माणूस होता, तो रोजच्या रोज पैशाचा हिशेब ठेवीत होता, आणि कागदाचा एक चिमुकला तुकडा ठराविक किंमतीस विकण्याची त्याला संवय होती. तें खातें टपालाचें. जो तिकिट विकतो त्याला पुडी विकतां येणार नाहीं काय?

१८९२ सालीं बंगालच्या टपालकचेऱ्यांतून कोयनेलच्या पुड्या विकावयास ठेवल्या. पुडींत प्रथम ५ ग्रेन, म्हणजे अडीच-तीन गुंजा, कोयनेल असे. पुढें तें ७ ग्रेन झालें. किंमत एक पैसा. हा पैसा म्हणजे आण्याचा चौथा व रुपयाचा चौसष्टावा भाग. पुड्या बांधण्याचें काम तुरुंगांतील कैद्यांकडून करून घेत, त्यामुळें बांधणावळही थोडकी पडे. किंमत सगळीकडे एकच. कलकत्त्यांतही एक पैसा आणि दूरच्या खेड्यांतही एक पैसा. पुडीवर सरकारची मोहोर असल्यामुळें आंत खडूची भुकटी निघण्याचें भय नाहीं. घासाघीस नाहीं, उधारी नाहीं, वैद्याच्या दारांत ताटकळणें नाहीं. ही पद्धति पुढें इतर प्रांतांनींही उचलली, आणि पैशाची पुडी ही हिंदुस्थानच्या आरोग्याच्या इतिहासांत एक नांव घेण्यासारखी वस्तु होऊन बसली. पांचच वर्षांनीं, १८९७ सालीं, रोनाल्ड रॉस यानें सिकंदराबादेस डासाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु पाहिले. ताप कशानें येतो याचें कोडें सुटण्यापूर्वींच त्याचें औषध टपालकचेरीच्या खिडकीशीं येऊन पोंचलें होतें.

आतां या चित्राची दुसरी बाजू. पैशाला पुडी मिळे हें खरें. परंतु पुडीनें ताप जातो काय? आजच्या वैद्यकाप्रमाणें कोयनेल द्यावयाचें तर प्रौढ माणसास एका वेळीं ६०० मिलिग्रॅम, दिवसांतून तीनदां, असें सात दिवस द्यावें लागतें. त्याचे जुन्या वजनांत सुमारें १९५ ग्रेन होतात. म्हणजे ७ ग्रेनांच्या सुमारें २८ पुड्या, आणि २८ पैसे म्हणजे ७ आणे. त्या काळीं खेड्यांतील मजुराची दिवसाची मजुरी कशीबशी दोन-चार आणे; आणि ताप आलेल्या दिवशीं तीही बुडालेली. घरांत तिघे आजारी असले तर हिशेब करावयासच नको. तेव्हांचे डॉक्टर याहून कमी मात्रा देत हें धरलें तरी एका पुडीचें काम नव्हे, हें उघड आहे. बहुतेक लोक एकदोन पुड्या घेत, थंडी थांबली कीं थांबत, आणि रक्तांत लपलेला जंतु पुन्हां डोकें वर काढी. मग लोक म्हणत, कोयनेलनें ताप दबतो, जात नाहीं. दोष औषधाचा नव्हता. किंमत पुडीची ठरविली होती; पुऱ्या उपचाराची कोणी ठरविली नव्हती.

दुसरा दोष हिशेबाच्या वह्यांत होता. झाडें सरकारचीं, कारखाना सरकारचा; तरी कोयनेलचा भाव उत्पादनाच्या खर्चावरच ठरे असें नाहीं, बाहेरच्या बाजारभावाकडेही नजर असे. लागवडीच्या खात्यास नफा दिसावा ही खजिन्याची इच्छा असे, आणि नफा दिसला म्हणजे अधिकाऱ्यांची पाठ थोपटली जाई. १९१३ सालीं जावांतील मळेवाले आणि युरोपांतील कारखानदार यांच्यांत करार होऊन अॅमस्टरडॅमला त्यांची एक कचेरी उभी राहिली, आणि जगांतील कोयनेलचा भाव तेथून बांधून दिला जाऊं लागला. अशा मक्तेदारीला तोंड द्यावें याच हेतूनें तर सरकारी लागवड होती. पण भाव वर चढला तसा सरकारी कोयनेलचा भावही त्याच्या मागोमाग चढला, आणि पुडींतील मात्रा व किंमत यांची ओढाताण सुरू झाली. सरकारनें दुकान मांडावें आणि भाव मात्र शेजारच्या सावकाराला विचारून सांगावा, तसा हा प्रकार झाला.

तिसरा दोष सर्वांत मोठा. कोयनेल पुरेसें होतच नव्हतें. मंग्पू आणि निलगिरी मिळून देशाच्या खपाच्या निम्म्यालाही पुरत नसत, आणि देशाचा खप तरी केवढा? ज्यांस ताप येई त्यांतील थोड्यांनाच कोयनेल मिळे. गरजेच्या मानानें खपाचा आकडा कितीतरी खालीं होता. नव्या लागवडी झाल्या, ब्रह्मदेशांतही झाडें लावून पाहिलीं. पण जावाचें कोयनेल बोटीनें येतच आहे, मग डोंगरांत आणखी पैसा कशाला घालावा, हा विचार दरवेळीं आड येई. सिंकोनाचें झाड सालीजोगें व्हावयास सातआठ वर्षें तरी लागतात. ज्या वर्षीं गरज पडेल त्या वर्षीं तें लावून भागत नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण लहान मुलांनाही ठाऊक असते. पण ती अंदाजपत्रकांत लिहिण्याचें धैर्य फार थोड्यांस होतें.

हिशेब चुकता करण्याची वेळ १९४२ सालीं आली. मार्च महिन्यांत जपानी फौजांनीं जावा जिंकलें. जगांतील शेंकडा नव्वदांहून अधिक साल ज्या बेटांतून येई तें बेट एकाएकीं बंद झालें. ब्रह्मदेशही गेला. पुढच्याच वर्षीं बंगालमध्यें दुष्काळ पडला. तांदळाचे भाव मजुराच्या आटोक्याबाहेर गेले, लोक गांव सोडून कलकत्त्याच्या रस्त्यांवर आले. आणि जीं उपासानें खंगलेलीं शरीरें कशीबशी तग धरून होतीं, त्यांच्यावर पावसाळ्यानंतर हिंवतापानें झडप घातली. १९४३ च्या अखेरीस आणि १९४४ मध्यें जे मृत्यु झाले त्यांत हिंवतापाचा वांटा फार मोठा होता. कोयनेलवर सरकारचा ताबा बसला, तें मोजून मिळूं लागलें, आणि जें मोजून मिळतें तें काळ्या बाजारांतही मिळतें, तसें तेंही मिळूं लागलें; भेसळही झाली. मेपाक्रिन नांवाचें दुसरें कृत्रिम औषध होतें, पण त्यावर पहिला हक्क लष्कराचा. रयतेपर्यंत तें उशीरा पोंचलें. १९४५ सालच्या चौकशी मंडळानें या दुष्काळांतील बळींची संख्या सुमारें १५ लक्ष धरली; पुढील अभ्यासकांनीं ती ३० लक्षांच्या आसपास नेली आहे. ज्या प्रांतांत पैशाची पुडी जन्मास आली, ज्या प्रांताच्या उत्तरेस मंग्पूचीं झाडें उभीं होतीं, त्याच प्रांतांत हें घडलें. टपालकचेऱ्या उघड्या होत्या, पुड्या नव्हत्या.

युद्धानंतर क्लोरोक्विन व पॅल्युड्रिन हीं कारखान्यांत बनणारीं औषधें आलीं, डी. डी. टी. आली, आणि १९५३ सालीं हिंवतापाच्या नियंत्रणाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. रोग्यांची संख्या १९६५ च्या सुमारास वर्षाला सुमारें एक लक्षावर आली. कोयनेलचें काम संपलें असें लोक म्हणूं लागले. परंतु १९७६ सालीं हीच संख्या पुन्हां ६४ लक्षांवर गेली, आणि क्लोरोक्विनला न जुमानणारा हिंवताप आसामकडे १९७३ मध्येंच आढळला होता. अशा रोग्यांकरितां जुन्या कोयनेलची पुन्हां आठवण झाली. पुढें चीनमधील एका वनस्पतींतून आर्टेमिसिनिन निघालें आणि त्याबद्दल तू यूयू या विदुषीस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मंग्पूची लागवड पश्चिम बंगाल सरकारच्या ताब्यांत राहिली; सिंकोनाबरोबर इतर औषधी वनस्पतींचीही जोपासना तिच्याकडे आली.

कोयनेलचा हा धडा इतर ठिकाणीं उपयोगी पडला काय? कांहीं अंशीं पडला असें म्हणावें लागतें. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यानें १८९७ च्या आरंभीं त्यावरील लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि त्याची प्रयोगशाळा १८९९ मध्यें परळच्या जुन्या राजभवनांत गेली. १९२५ पासून तिला त्याचें नांव मिळालें. लस व औषधें करण्याचें तेथील काम १९७५ सालीं महाराष्ट्र सरकारच्या वेगळ्या महामंडळाकडे देण्यांत आलें. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं मध्यवर्ती सरकारनें पेनिसिलिनचा कारखाना काढला. हे झाले तयार करण्याचे प्रयत्न. पोंचविण्याच्या बाजूस तामिळनाडूचें उदाहरण विशेष आहे. त्या राज्यानें १९९४ सालीं एक महामंडळ स्थापिलें. तें स्वतः औषध बनवीत नाहीं. सर्व सरकारी दवाखान्यांकरितां एकत्र खरेदी करतें, माल तपासून घेतें, जिल्ह्याजिल्ह्याच्या कोठारांत ठेवतें, आणि प्रत्येक दवाखान्यास बँकेसारखें एक पासबुक देऊन त्यावर औषध उचलूं देतें. पुडी गेली, पासबुक आलें. मागची बुद्धि तीच. औषध कोठें आहे, किती आहे आणि कोणाच्या नांवावर आहे, हें ज्याच्या वहींत नीट लिहिलेलें असतें, त्याच्याच हातून तें रोग्यापर्यंत जातें.

पैशाच्या पुडीला हंसणें आज सोपें आहे. सात ग्रेनांनीं कोणाचा ताप बरा होणार, असें म्हणतां येईल. पण त्या पुडीपूर्वीं सरकारच्या कोणत्याही औषधाला ठराविक किंमत, ठराविक दर्जा आणि चालत जाण्याच्या अंतरावरची खिडकी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या नव्हत्या. तें काम तिनें केलें, आणि फार नाममात्र खर्चांत केलें. उणें राहिलें तें तिच्या मागच्या बाजूस. डोंगरावर झाडें पुरेशीं लावलीं नाहींत, भाव परक्याच्या तराजूंत तोलला, आणि किंमत ठरवितांना एक पुडी डोळ्यांपुढें ठेवली, रोगी ठेवला नाहीं. स्वस्त औषधाचा कोणताही सरकारी कारखाना पाहावयाचा असला तर त्याला तीन प्रश्न विचारावे : कच्चा माल कोणाच्या हातीं आहे, किंमत पुऱ्या उपचाराची सांगतां कीं एका गोळीची, आणि तुमचें औषध शेवटच्या गांवीं कोण नेतो. बंगालनें तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर १८९२ सालीं दिलें होतें. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें तिनें पुढें ढकललीं, आणि तीं १९४३ सालीं तिच्या खेड्यांतील माणसांना द्यावीं लागलीं.